लाराव्हेलची ‘फिलेबल’ यादी : चार वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

इतवारीतील एका ठोक किराणा व्यापाऱ्याचे ऑर्डरचे सॉफ्टवेअर चार वर्षांपूर्वी आमच्याकडे देखभालीसाठी आले. नागपूरच्या आसपासच्या गावांतले किरकोळ दुकानदार त्यावर लॉगिन करून साखर, तेल, डाळी यांची मागणी नोंदवत असत आणि प्रत्येक खात्याला शेठजींनी एक उधारी मर्यादा ठरवून दिलेली होती. सॉफ्टवेअर लाराव्हेलमध्ये, म्हणजे पीएचपी भाषेतल्या एका वेब फ्रेमवर्कमध्ये (वेब-सॉफ्टवेअर बांधण्याच्या तयार सांगाड्यात), लिहिलेले होते. ताबा घेण्यापूर्वी आम्ही एका चाचणी खात्याने आत शिरलो, ‘माझी माहिती’ हे पान उघडले आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जाऊन पत्त्याच्या रकान्याखाली हाताने आणखी एक रकाना घातला. त्याचे नाव ‘क्रेडिट लिमिट’. ते नाव शोधावे लागले नव्हते, कारण ऑर्डरच्या पानासाठी सर्व्हरकडून येणाऱ्या जेसनमध्ये, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या मजकुरात, खात्याची सगळी कॉलमे त्यांच्या नावांसह उघडी पडलेली होती. त्या रकान्यात पाच लाख लिहून ‘जतन करा’ दाबले. पानावर हिरव्या पट्टीत ‘माहिती जतन झाली’ असे आले आणि डेटाबेसमध्ये त्या खात्याची मर्यादा ₹५०,००० वरून ₹५,००,००० झालेली होती.

हे सगळे शेठजींच्या गादीवर बसून त्यांना पुन्हा करून दाखवले, तेव्हा त्यांनी विचारले, “असं कसं जी? तो डब्बा तर फॉर्मात नाहीच.” त्यांचा प्रश्न रास्त होता आणि या परीक्षणाचा सगळा विषय त्या एका प्रश्नात आहे. सरकारी अर्जाच्या तळाशी ‘फक्त कार्यालयीन उपयोगासाठी’ अशी चौकट असते आणि ती अर्जदाराने भरायची नसते, हे आपण सर्वजण जाणतो. वेब फ्रेमवर्कच्या बाबतीत ती चौकट छापलेलीच नसते, तरी अर्जदाराने वेगळी चिठ्ठी जोडून त्यात ‘मंजूर’ असे लिहिले, तर आतला कारकून ती चिठ्ठीही मुकाट्याने नोंदवहीत उतरवून घेतो. ब्राउझरमध्ये दिसणारा फॉर्म ही केवळ सोय आहे. सर्व्हरकडे काय पाठवायचे हे पाठवणारा ठरवतो. आलेल्या सगळ्या जोड्या जशाच्या तशा ऑब्जेक्टच्या गुणधर्मांमध्ये भरण्याच्या या पद्धतीला मास असाइनमेंट म्हणतात. डॉटनेटच्या जगात त्यालाच ओव्हरपोस्टिंग म्हणतात, आणि वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०१९ च्या एपीआय (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याचे दार) सुरक्षा यादीत हा धोका सहाव्या क्रमांकावर स्वतंत्रपणे होता. २०२३ च्या यादीत तो, ऑब्जेक्टमधील नको ती माहिती बाहेर जाऊ देण्याच्या दोषासह, तिसऱ्या क्रमांकाच्या एकाच शीर्षकाखाली आणला गेला. हे एकत्रीकरण मला अत्यंत योग्य वाटते, कारण वरच्या प्रसंगातही जेसनमधून नाव बाहेर गेले आणि त्याच नावाने किंमत आत आली.

लाराव्हेलने या धोक्यावर दिलेला मुख्य उपाय म्हणजे मॉडेलवर (डेटाबेसच्या एका तक्त्यासाठी लिहिलेल्या वर्गावर) लिहायची ‘फिलेबल’ यादी. एलोक्वेंट या लाराव्हेलच्या डेटाबेस-भागातल्या मॉडेलमध्ये ज्या कॉलमांची नावे या यादीत असतील, तीच क्रिएट, फिल किंवा अपडेट या पद्धतींना नाव-किंमत जोड्यांच्या रूपात दिलेल्या अॅरेतून भरली जातात. बाकीची गाळली जातात. या यादीची पहिली आणि मोठी जमेची बाजू तिच्या मूळ ठेवणीत आहे. तुम्ही मॉडेलवर काहीच लिहिले नाही, तर लाराव्हेल सगळीच कॉलमे बंद समजते आणि क्रिएट करायला गेल्यावर अपवाद फेकून, म्हणजे चूक दाखवून काम थांबवून, ‘हे नाव फिलेबलमध्ये घाला’ असे स्पष्ट सांगते. म्हणजे निष्काळजीपणाची किंमत काम अडण्यात मोजावी लागते, चोरी होण्यात नव्हे, आणि सुरक्षेच्या कोणत्याही सोयीकडून माझी पहिली अपेक्षा हीच असते. इतवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ ठेवण मोडलेली होती: ‘गार्डेड’ ही उलटी यादी, म्हणजे काय भरू देऊ नये याची यादी, रिकामी करून ठेवलेली होती आणि कंट्रोलरमध्ये, म्हणजे आलेली विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये, रिक्वेस्टचा ‘ऑल’ (विनंतीत आलेले सगळे) थेट अपडेटला दिलेला होता. गार्डेड रिकामी ठेवणे हा आपोआप अपराध नव्हे. कंट्रोलरमध्ये प्रत्येक वेळी तपासून निवडलेली फील्डेच पुढे देणारे शिस्तीचे लोक तसे करतात. पण ती सवलत आणि ‘ऑल’ या दोन गोष्टी एका ठिकाणी आल्या, की कुलूप आणि कडी दोन्ही एकदम निघतात.

या दोन याद्यांपैकी कोणती वापरावी, हा प्रश्न नवीन मुले आमच्याकडे शिकायला आली की हमखास विचारतात, आणि त्यावर मी दरवेळी स्प्रिंगचे उदाहरण देतो. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये विनंतीतील नावे थेट बीनच्या (जावातील ऑब्जेक्टच्या) गुणधर्मांना, आणि टिंबे देत देत त्यांच्या पोटातल्या गुणधर्मांनाही जोडली जातात. २०१० मध्ये असे आढळले, की या वाटेने प्रत्येक ऑब्जेक्टच्या ‘क्लास’मधून ‘क्लासलोडर’पर्यंत, म्हणजे प्रोग्रामचा कोड आत आणणाऱ्या भागापर्यंत, पोहोचता येते, आणि ती विशिष्ट वाट बंद करण्यात आली. पुढे जावाच्या नवव्या आवृत्तीत ‘मॉड्यूल’ ही नवी गोष्ट आली आणि क्लासमधून मॉड्यूलमध्ये व तिथून पुन्हा क्लासलोडरपर्यंत जाणारी दुसरी वाट तयार झाली, जी जुन्या नकार-यादीत असणे शक्यच नव्हते. मार्च २०२२ मध्ये ‘स्प्रिंगफोरशेल’ या नावाने गाजलेला दोष तो हाच. टॉमकॅट या जावा सर्व्हरवर वॉर फाईलच्या स्वरूपात चालणाऱ्या अॅप्लिकेशनमध्ये त्यातून परक्या माणसाला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत होता आणि ५.३.१८ व ५.२.२० या आवृत्त्यांमध्ये तो दुरुस्त झाला. लगेच पुढच्या महिन्यात असेही समोर आले, की स्प्रिंगमधील नाकारलेल्या फील्डांची यादी लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळते, त्यामुळे पहिले अक्षर बदलून दिलेले नाव तिच्यातून निसटू शकते. नकार-यादी लिहिणाऱ्याला आजच्या आणि उद्याच्या सगळ्या वाटा माहीत असाव्या लागतात. होकार-यादी लिहिणाऱ्याला फक्त स्वतःचा फॉर्म माहीत असला तरी पुरते. लाराव्हेलही यातून सुटले नव्हते: ऑगस्ट २०२० मध्ये गार्डेडवर विसंबलेल्या मॉडेलांबाबत, जेसन कॉलमच्या पोटातील किल्लीचे नाव देऊन पहारा चुकवता येत असल्याने, त्यांना सुरक्षा-दुरुस्ती काढावी लागली. म्हणून आमच्या कामात गार्डेड वापरायची नाही, हा नियम आहे.

फिलेबलच्या उणिवांबद्दल मात्र मला विस्ताराने लिहिलेच पाहिजे, कारण या उणिवा दस्तऐवजात शोधाव्या लागतात आणि बहुतेकांना त्या चूक झाल्यावर कळतात.

पहिली उणीव अशी, की ही यादी मॉडेलच्या दारावरच उभी असते आणि डेटाबेसकडे जाणाऱ्या इतर वाटांवर तिचा पहारा नसतो. मॉडेलची नोंद हातात घेऊन अपडेट केले, तर यादी पाळली जाते. पण ‘जिथे आयडी अमुक आहे तिथे अपडेट कर’ असे क्वेरीच्या रूपात लिहिले, तर दिलेला अॅरे सरळ एसक्यूएलमध्ये उतरतो आणि फिलेबलला कोणी विचारतही नाही. दोन ओळी डोळ्यांना सारख्या दिसतात, दोन्हींत मॉडेलचेच नाव असते आणि दोन्हींत अपडेट हाच शब्द असतो. एक सुरक्षित, दुसरी उघडी. इतवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही मॉडेलवर फिलेबल लिहून पहिली चाचणी पुन्हा केली आणि ती अडली, तेव्हा काम झाले असे वाटले होते. दोन दिवसांनी आमच्याकडच्या एका मुलीने मोबाईल अॅपसाठीच्या एपीआयवर तीच चाचणी केली आणि मर्यादा पुन्हा पाच लाख झाली. “दादा, इथे व्हेअर लावून अपडेट केलंय,” असे तिने स्क्रीनवर बोट ठेवून दाखवले, तेव्हा मला माझ्या अर्धवट समाधानाची फार लाज वाटली. फोर्सफिल आणि अनगार्ड या उघडपणे पहारा काढणाऱ्या पद्धती निदान नावावरून ओळखू येतात आणि सीडिंगच्या (डेटाबेसमध्ये सुरुवातीची माहिती भरण्याच्या) वेळी पहारा आपोआप उठतो, हेही समजण्यासारखे आहे. व्हेअर-अपडेटच्या बाबतीत मात्र नाव काहीच सांगत नाही, आणि माझ्या मते या सोयीचा हा सर्वांत मोठा दोष आहे.

दुसरी उणीव गाळण्याच्या शांतपणाची आहे. फिलेबलमध्ये एखादे नाव नसेल आणि यादी रिकामी नसेल, तर लाराव्हेल ते फील्ड गुपचूप टाकून देते. हल्ला करणाऱ्याच्या बाबतीत हे ठीकच आहे, पण नवा कॉलम जोडून यादीत घालायला विसरलेल्या प्रामाणिक प्रोग्रामरलाही तीच वागणूक मिळते. फॉर्म जतन होतो, हिरवी पट्टी येते आणि पिनकोड मात्र रिकामा राहतो. अशा वेळी वैतागलेला माणूस काय करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे: तो यादी काढून टाकतो आणि गार्डेड रिकामी करतो. इतवारीतही तसेच घडले असावे, असा माझा अंदाज आहे. सुदैवाने नवव्या आवृत्तीच्या काळात लाराव्हेलने शांतपणे गाळणे बंद करून अपवाद फेकण्याची सोय दिली. अॅपच्या सर्व्हिस प्रोव्हायडरमध्ये एक ओळ लिहिली, की विकासाच्या यंत्रावर गाळलेल्या फील्डचे नाव मोठ्याने सांगितले जाते. ही ओळ प्रत्येक नव्या प्रोजेक्टमध्ये आधीपासून चालू असायला हवी होती. ती स्वतः लिहावी लागते, म्हणून ज्यांना तिची सर्वाधिक गरज असते त्यांच्यापर्यंतच ती पोहोचत नाही.

तिसरी उणीव रचनेची आहे आणि तिच्यावर यादी नीट लिहून मात करता येत नाही. फिलेबल मॉडेलला विचारते, ‘हे कॉलम बाहेरून भरता येते का?’ खरा प्रश्न वेगळा असतो: हे कॉलम या माणसाला, या फॉर्ममधून भरता येते का? उधारी मर्यादा दुकानदाराने बदलायची नाही, पण शेठजींच्या मुनीमजींनी बदलायचीच आहे, आणि मॉडेल दोघांसाठी एकच आहे. मुनीमजींच्या सोयीसाठी ते नाव यादीत घातले की दुकानदारालाही दार उघडते. रुबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कने हा धडा फार जाहीरपणे शिकला. मार्च २०१२ मध्ये इगोर होमाकोव्ह या तरुण प्रोग्रामरने गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर सार्वजनिक किल्ली (खातेदाराची ओळख पटवणारी) बदलण्याच्या फॉर्ममध्ये ‘युजर आयडी’ हे आगाऊ फील्ड पाठवले, आपली किल्ली रेल्सच्या संस्थेच्या खात्याला जोडून घेतली आणि रेल्सच्याच मुख्य कोडमध्ये एक कमिट (कोडमधला बदल) टाकून दाखवला. त्याआधी त्याने हाच धोका रेल्सच्या लोकांसमोर मांडला होता, पण काळजी घेणे हे अॅप लिहिणाऱ्याचे काम आहे, असा तेव्हाचा सूर होता. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला पीएचपीची ५.४ ही आवृत्ती आली होती आणि तिच्यातून ‘रजिस्टर ग्लोबल्स’ ही सोय, म्हणजे विनंतीतील प्रत्येक नावाचे सरळ चल बनवणारी जुनी पद्धत, कायमची काढून टाकलेली होती. एका भाषेने हा दोष अनेक वर्षांच्या कष्टाने निपटला, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या ठिकाणी तोच दोष एक पायरी वर, ऑब्जेक्टच्या पातळीवर, उघडा पडलेला दिसला. त्यानंतर २०१३ मध्ये रेल्सच्या चौथ्या आवृत्तीने स्ट्राँग पॅरामीटर्स आणले आणि परवानगीची यादी मॉडेलवरून उचलून कंट्रोलरमध्ये ठेवली. परवानगी न दिलेले पॅरामीटर मॉडेलला द्यायला गेलात, तर रेल्स अपवाद फेकून थांबते. यादीची योग्य जागा मला हीच वाटते, कारण कोण विचारतो आहे हे कंट्रोलरला ठाऊक असते.

लाराव्हेलमध्ये याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे ती फॉर्म रिक्वेस्ट आणि तिचा ‘व्हॅलिडेटेड’. प्रत्येक फॉर्मसाठी स्वतंत्र वर्ग लिहायचा, त्यात प्रत्येक फील्डचे नियम लिहायचे आणि कंट्रोलरमध्ये ‘ऑल’ऐवजी फक्त व्हॅलिडेटेड पुढे द्यायचे, नियम न लिहिलेले फील्ड मग मॉडेलपर्यंत पोहोचतच नाही, आणि पुढे व्हेअर-अपडेट असले तरी फरक पडत नाही. यात एक जागा सांभाळावी लागते. एखाद्या फील्डला नुसता ‘अॅरे’ हा नियम दिला आणि आतल्या किल्ल्यांची नावे सांगितली नाहीत, तर तो अख्खा अॅरे तपासलेला समजून पुढे जातो. पत्ता हा अॅरे असेल, तर अॅरे या नियमापुढेच गाव, तालुका, पिनकोड अशी मान्य नावे लिहावीत.

युजर आयडीसारख्या परक्या किल्ल्यांबद्दल, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातील नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमांबद्दल, एक वेगळी सूचना करावीशी वाटते, कारण गिटहबचा प्रसंग त्यांच्याच जोरावर घडला. ऑर्डर तयार करताना दुकानदाराचा आयडी लागतो, म्हणून अनेक जण तो फिलेबलमध्ये घालतात आणि फॉर्ममधून लपवलेल्या रकान्याने पाठवतात. याची काही गरज नसते. लॉगिन केलेल्या दुकानदाराच्या ‘ऑर्डर्स’ या नात्यावरून क्रिएट केले, तर लाराव्हेल ती किल्ली स्वतः भरते आणि विनंतीत काय आले आहे याच्याशी तिचा संबंध राहत नाही. एलोक्वेंटमधली मला सर्वांत आवडलेली रचना कोणती, असे कोणी विचारले तर मी ही सांगेन.

इतर फ्रेमवर्कशी तुलना थोडक्यात करतो. पायथनमधल्या जँगोच्या मॉडेलफॉर्ममध्ये फील्डांची यादी किंवा वगळायच्या नावांची यादी, यांपैकी एक तरी लिहिल्याशिवाय १.८ या आवृत्तीपासून पुढे जाताच येत नाही. ‘सगळी’ असे लिहिण्याची मुभा आहे, पण ते निदान हाताने लिहावे लागते आणि कोड तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. जावास्क्रिप्टमधल्या नोडच्या बाजूला नेस्टजेएसच्या व्हॅलिडेशन पाईपमध्ये व्हाइटलिस्ट चालू करता येते आणि अनोळखी फील्ड आल्यास विनंतीच परत पाठवता येते, जे मला लाराव्हेलच्या मौनापेक्षा बरे वाटते. साध्या एक्सप्रेसमध्ये मात्र विनंतीचे शरीर ऑब्जेक्ट-असाइनने सरळ ऑब्जेक्टवर ओतणारा कोड अजूनही नित्य दिसतो, आणि मुंगूस या डेटाबेस-लायब्ररीची स्कीमा (फील्डांचा आराखडा) आपल्याला वाचवेल ही समजूत चुकीची आहे. स्कीमा अनोळखी नावे गाळते, पण ‘रोल’ हे स्कीमातलेच नाव असेल तर ती ते आनंदाने स्वीकारते.

पाचपैकी गुण द्यायचे तर फिलेबलला मी साडेतीन देईन. मूळ ठेवण बंद असल्याबद्दल पूर्ण गुण, व्हेअर-अपडेटच्या उघड्या वाटेबद्दल एक गुण वजा आणि मौनाबद्दल अर्धा वजा. एकट्या फिलेबलवर उधारी, दर, हुद्दा किंवा मंजुरी असली कॉलमे सोपवू नयेत. फॉर्म रिक्वेस्टबरोबर दुसरी कडी म्हणून ती लिहिली, तर मात्र तिच्याशिवाय काम करण्याची मी कल्पनाही करणार नाही, कारण चार वर्षांत दोनदा असे झाले, की घाईत कोणीतरी कंट्रोलरमध्ये ‘ऑल’ लिहून गेले आणि ते केवळ या यादीमुळे निभावले.

इतवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटी उधारी मर्यादा कोणत्याच यादीत ठेवली नाही. ती बदलण्यासाठी वेगळे पान, मुनीमजींची वेगळी परवानगी आणि कोडमध्ये त्या एका कॉलमला किंमत देणारी एकच ओळ, असे केले. शिवाय सगळ्या फॉर्म रिक्वेस्टच्या मूळ वर्गात चार ओळी लिहून, नियमांत नसलेले नाव कोणत्या खात्यावरून आले याची नोंद लॉगमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्या लॉगमध्ये बहुतेक वेळा मोबाईल अॅपच्या जुन्या आवृत्तीकडून येणारी निरुपद्रवी नावेच असतात. गेल्या दिवाळीच्या हंगामात मात्र एका रात्री एकाच खात्यावरून ‘क्रेडिट लिमिट’ हे नाव तीन वेळा आलेले दिसले, तिन्ही वेळा वेगळ्या रकमेसह. मर्यादा ₹५०,००० च राहिली होती. सकाळी मी शेठजींना खात्याचा क्रमांक कळवला आणि त्यांनी त्या दुकानदाराला फोन लावला.